अळमी, मग गणपती

आमची शेड डिचोलीजवळ आहे. चेनसॉने (इंजिनावर चालणाऱ्या साखळीच्या करवतीने) लाकडात कोरीवकाम शिकायला इथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पहिल्या दिवशी गणपती करायचा असतो. मलाही करायचा होता. मेस्तनी (गोव्यात सुताराला मेस्त म्हणतात, आणि आमचे मेस्त पिढीजात सुतारच) मला ओंडक्यावर खडूने सोंड काढायला लावली आणि विचारलं, "बाय, ही मोडणार कुठे?" मी गप्प. लाकडाचे तंतू उभे धावतात. सोंड जिथे आडवी वळते, तिथे ते तंतू आखूड तुटतात, आणि तेवढ्याच जागी ती पहिल्या धक्क्याला मोडते. "आधी अळमी कर," ते म्हणाले. अळमी म्हणजे अळंबी.

जगभर बरेच नवशिके अळंबीपासूनच सुरुवात करतात. आपल्याकडे तिचं कौतुक जास्त, कारण पावसात रोन अळमी (वारुळावर उगवणारी रानअळंबी) आली की लोक रस्त्यात गाड्या थांबवून भाव विचारतात. टोपी गोल करायची तर आधी चौकोनी ठोकळा, त्याचे कोपरे उडवून अष्टकोन, मग त्याचेही कोपरे. आकार कधी "काढायचा" नसतो, कोपरे मारत जायचं. मी सतरा अळंब्या केल्या. अठरावी म्हापशाच्या एका ताईंनी बागेसाठी नेली.

अमेरिकेत या कलेची ओळख अस्वल. इथे अस्वल कोण घेणार? घुबडही तिकडे भरपूर खपतं, पण दारात घुबड ठेवणारं गिऱ्हाईक मला चार वर्षांत एकच भेटलं, तेही दिल्लीहून आसगावात राहायला आलेलं. इथे गवा चालतो, कोंबडा चालतो, मासा तर चालतोच.

आता मशीन. साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी. कोरीवकामाची पट्टी साध्या चेनसॉच्या पट्टीपेक्षा वेगळी असते, टोकाला अगदी निमुळती. साध्या पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन उसळून तोंडाकडे येतं, आणि कोरताना आपण वापरतो ते नेमकं टोकच. टोक बारीक असलं की हा झटका बराच कमी होतो, संपत नाही. म्हणून साखळीचा ब्रेक रोज सकाळी तपासायचा, मशीन खांद्याच्या वर न्यायचं नाही, आणि डावा अंगठा पुढच्या दांड्याखालून वळलेलाच हवा. आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानावर मफ हवेतच. मांडीवरची संरक्षक पॅन्ट एप्रिलमध्ये नकोशी होते. तरी घाला. तिच्यातले लांब धागे साखळीत गुंततात आणि साखळी जागच्या जागी अडकते.

पेट्रोलबद्दल माझी स्वतःची चूक सांगते. टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं. आमच्या ऑइलला प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली. दोन कॅन सारख्याच रंगाचे होते आणि मी साधं पेट्रोल भरलं. थोड्याच वेळात इंजिन जाम. मेस्त रागावले नाहीत, पण पिस्टन आणि सिलिंडरचे पैसे मी तीन महिने फेडले. त्या दिवसापासून मिसळलेल्या कॅनला लाल चिंधी बांधलेली असते.

पट्टीच्या तेलात काटकसर करून इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल घालणारे पुष्कळ आहेत. त्यात धातूचा चुरा असतो, पट्टी झिजते आणि फिकट लाकडावर काळे ओघळ उरतात ते वेगळंच. कानस मात्र आवडीने शिका. आमच्या पाव इंची साखळीला ४ मिलीमीटरची गोल कानस, कोन ३० अंश, प्रत्येक दाताला सारखेच हात. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की धार गेली समजा.

पण मशीन महिन्याभरात हाताखाली येतं, लाकूड येत नाही. मी पहिला गवा आंब्याच्या ओल्या ओंडक्यात केला, ऑक्टोबरमध्ये दिला, आणि फेब्रुवारीत गिऱ्हाइकाने फोटो पाठवला: कपाळापासून छातीपर्यंत बोट जाईल एवढी चीर. लाकूड वाळताना गाभ्याच्या दिशेने जितकं आकसतं, त्याच्या साधारण दुप्पट घेराने, म्हणजे वाढीच्या कड्यांना धरून, आकसतं. आत गाभा अख्खा असला की कुठेतरी फाटणारच. आता मी मागच्या बाजूने गाभ्यापर्यंत एक उभा काप आधीच घालते, म्हणजे फट तिथेच उघडते, तोंडावर नाही. ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण किंवा रंगाचा जाड थर द्यायचा. तयार काम चिऱ्यावर (जांभ्या दगडावर) उभं करायचं, मातीवर नाही, नाहीतर एका पावसात वाळवी.

फणस सगळ्यात गुणी: पिवळाधमक, टिकाऊ, कोरायला सरळ. साग महाग, आणि हात बसण्याआधी तो कापायला घेणं पाप. अकेशिया स्वस्त आणि कठीण, साखळी खातो.

ओंडके आणायचे कुठून, हे सगळे विचारतात. गोव्यात १९८४ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. झाड स्वतःच्या अंगणातलं असलं तरी तोडायला वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, त्यामुळे "आमचा फणस नेऊन टाका" म्हणणाऱ्याकडे आधी कागद मागा. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पाडलेल्या झाडांतले काही ओंडके मी शेडमध्ये आले तेव्हाही मागे पडून होते. माझ्या बऱ्याच अळंब्या त्यांतल्याच.

शेजाऱ्यांशी नीट राहा. दुपारी एक ते चार मशीन बंद. गोव्यात झोपमोड कोणी माफ करत नाही. त्या वेळात कानस, झाडू आणि मातीत नमुने घडवणं. जून ते सप्टेंबर तर बाहेरचं काम जवळजवळ थांबतंच, ओल्या लाकडाला बुरशी धरते, म्हणून शिकायला ऑक्टोबरात या. पहिल्या वर्षी नुसत्या कोरीवकामावर घर चालेल असं समजू नका. मी सकाळी एका वखारीत हिशेब लिहायचे. पोट भरतं ते हॉटेलांच्या पाट्या आणि बाकांवर.

माझा गणपती अजून झालेला नाही. फणसाचा एक ओंडका दोन वर्षं शेडमागे चिऱ्यांवर उभा आहे, टोकांना मेण लावून. त्याची एक फांदी वाकून खाली आली आहे आणि तंतूही तिच्याबरोबर वळले आहेत. सोंड तिथे काढायची, इतकं ठरलंय.