जुना रेंजफाइंडर कॅमेरा: नेमका कुठला, हे कसं ओळखाल?

बेळगावच्या खडेबाजारात एका जुन्या सामानाच्या दुकानात मला एकदा 'लायका' हा नामी जर्मन कॅमेरा म्हणून एक दाखवला होता. सोनेरी पत्रा, वर कोरलेला गरुड. "बघा की सर, युद्धातला जर्मन माल!" मी लेन्स फिरवून काढली, आत डोकावलो आणि कॅमेरा निमूट काउंटरवर ठेवला. पाटी बदलली तरी दुकान तेच असतं, हे बेळगावकराला वेगळं शिकवावं लागत नाही. कॅमेऱ्यावरचं नावही सगळ्यात शेवटी वाचा.

आधी खिडकीपाशी जुन्या सुती फडक्यावर कॅमेरा ठेवा. स्पिरिटनं घासू नका, अक्षरांतला रंग निघतो आणि तीच तर खूण असते. सगळ्या बाजूंचे फोटो घ्या, नंबर वहीत उतरवा.

लेन्स आट्यांवर फिरून निघत असेल तर आत वरच्या बाजूला बघा. लेन्स किती पुढे-मागे झाली ते रेंजफाइंडरला, म्हणजे अंतर मोजून फोकस जुळवायच्या यंत्रणेला, कळवणारा छोटा दांडा तिथं असतो. आट्यांच्या लायकात त्याच्या टोकाला गोल चाक असतं. लायकाची नक्कल असलेल्या सोव्हिएत फेड आणि सुरुवातीच्या झोर्की कॅमेऱ्यांत पाचरीसारखं टोक. गरुड कुणीही कोरतो, हे टोक बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही. माझा 'जर्मन माल' तिथंच पकडला गेला.

झोर्की-४ हा १९५६ ते १९७३ इतका काळ निघाला, त्यामुळे त्यात फरक भरपूर. बहुतेकदा नंबरचे पहिले दोन आकडे म्हणजे वर्ष. मग शटरच्या चकतीवर नख फिरवा: जुन्यांवर वेगाचे आकडे कोरलेले लागतात, नंतरच्यांवर नुसते छापलेले. पट्टा अडकवायच्या कड्याही पुढे गायब झाल्या. चकती फिरवण्याआधी शटर चढवायला (फिल्म पुढे सरकवून ताणायला) मात्र विसरू नका. न चढवता वेग बदलला तर यंत्रणा बिघडू शकते.

जपानी याशिका इलेक्ट्रो ३५ ची लेन्स निघत नाही, तिथं दुसरीकडे बघायचं. वर फ्लॅश बसवायच्या खाचेत मधोमध धातूचा ठिपका आहे? मग ती १९७३ पासूनची जीएसएन किंवा काळी जीटीएन आवृत्ती. ठिपका नाही, पण फिल्मच्या वेगाचा आकडा १००० पर्यंत जातो? जीएस किंवा जीटी. ५०० किंवा त्याखाली थांबला तर त्याहून जुना. फिल्म पुढे सरकवायचा दांडा ओढताना 'टक्' ऐकू येतं का तेही बघा. आवाज नसेल तर आतलं रबर झिजलेलं असतं. ही आवृत्तीची खूण नव्हे, पण पैसे देण्याआधी कळलेली बरी.

एका खुणेवर निकाल देऊ नका. दुरुस्तीत एकाचं झाकण दुसऱ्यावर बसतं. उद्यमबागेतल्या कारखान्यांतला लेथवाला आधी स्क्रू बघतो, तेच करा: खाचा चेपलेल्या असतील तर कॅमेरा उघडलेला आहे. नंबर एक वर्ष सांगतो आणि चकती दुसरंच, असं झालं तर वहीत दोन्ही लिहा आणि भाव त्या हिशेबानं करा.

घरी नेलात की चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा. खानापूरकडच्या पावसात त्याच कव्हरात लेन्सला बुरशी धरते.