जुना पिवळा वेलगुलाब ओळखायचा कसा अन फुलवायचा कसा

जुन्या कंपाउंडवर पिवळा वेलगुलाब दिसला की लगेच मार्शल नील म्हणून मोकळे होऊ नका राव, आधी फुलाची मान बघा. मार्शल नील ही 1864 ची फ्रेंच जात, अडोल्फ नील नावाच्या फ्रेंच सेनापतीचं नाव दिलेली. तिचं फूल भरगच्च, फिकट लोणी रंगाचं, चहाच्या पत्तीसारखा वास, अन देठ इतका नाजूक की फूल खालीच बघतं. ताठ उभं फूल अन मोजक्याच पाकळ्या असतील तर ती बहुतेक 1956 ची अमेरिकन गोल्डन शॉवर्स. बटणाएवढी फुलं झुपक्यानं अन काटे जवळपास नाहीतच, तर लेडी बँक्स. जर्दाळू रंग अन कोवळी फूट जांभळट असेल तर क्लाइंबिंग लेडी हिलिंग्डन बघा.

अजून एक, बुडातून फूट आलीय का बघा, पानाच्या देठाच्या बुडाशी झालरीसारखी किनार असेल तर ती मल्टिफ्लोरा खुंटाची, म्हणजे ज्या रानगुलाबावर कलम बांधतात त्याची, ती मुळापाशी ओढून काढा नायतर खुंटच वाढतो अन वरची जात मरते.

मार्शल नील लावायचा तर पाऊस ओसरल्यावर, उन्हाळ्यात अजिबात नाही. आपली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते अन एप्रिलात भेगाळते, म्हणून दोन फुटी खड्ड्यात मुरूम, शेणखत, निंबोळी पेंड मिसळून रोप जरा उंचवट्यावर लावा, वर सोयाबीनचं भुस्कट नायतर उसाचं पाचट टाका. भिंत पूर्वेची बरी, पश्चिमेची भिंत मे महिन्यात तापते अन फांद्या भाजतात. कलम डोळा भरलेलंच, म्हणजे खुंटावर डोळा बसवलेलंच घ्या, स्वतःच्या मुळावर ही जात अशक्त राहते.

आता छाटणी, इथंच सगळे फसतात. बाकी गुलाबासारखी ऑक्टोबरात खाली कापली की बहर गेलाच, कारण ही फुलते जुन्या फांदीवर. तेव्हा फक्त वाळलेलं अन रोगट काढा, लांब फांद्या सरळ वर न चढवता तारेवर आडव्या बांधा, म्हणजे प्रत्येक डोळ्यातून आखूड फूट निघून फुलं लागतात. थोडीफार काटछाट करायची ती बहर सरल्यावर, आणि लगेच उन्हाळा येतो म्हणून तीही हलक्या हातानंच, त्यानंतर पाणी बुडाला सकाळी द्या.