महापुराची तयारी : या चुका टाळा (निदान यंदा तरी)

जुलै उजाडला की सांगली-कोल्हापुरात घरोघरी एकच विषय असतो : ‘यंदा येतंय का?’ चर्चा भरपूर होते. तयारी मात्र पाणी चौकात आल्यावर, तीही धावत-पळत. दर महापुरात तीच माणसं त्याच चुका करताना दिसतात, म्हणून हे थोडं वैतागूनच लिहितोय.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे भिंतीवरच्या जुन्या रेघेवर विश्वास ठेवणं. सांगलीच्या जुन्या भागात बऱ्याच घरांत २००५ च्या पाण्याची खूण आहे. काहींनी तर ती हौसेने रंगवून ठेवलीय. आमच्या नात्यातल्या एका काकांनी २०१९ मध्ये या रेघेवरच सगळा हिशेब मांडला. फ्रिज टेबलावर, धान्याची पोती फळीवर, वॉशिंग मशीन विटांवर, सगळं रेघेच्या वर वीतभर. आम्ही फोन करून ‘विश्रामबागेकडे, उंचावरच्या भागात या’ म्हणत होतो, तर उत्तर ठरलेलं : “पाणी इथवरच येतं रे, पन्नास वर्षं बघतोय.” २००५ ला सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं. २०१९ ला ते ५७ च्या वर गेलं. धोका पातळी ४५ आहे, हेही सांगून ठेवतो. काकांचा फ्रिज टेबलासकट आडवा झाला आणि आत काकूंचं इन्शुलिन होतं. दोघांना शेजारच्या गच्चीवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी बोटीतून बाहेर यावं लागलं. पोती फुगून फुटली, त्यांचा वास दिवाळीपर्यंत गेला नाही.

नदीला तुमच्या भिंतीवरची रेघ माहीत नसते. शिवाय सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतानाही पाणी चढत असतं, कारण पाऊस इथे नाही, महाबळेश्वर आणि कोयनेच्या पाणलोटात पडतोय. वारणा नदीही सांगलीलगत हरिपूरला कृष्णेला येऊन मिळते. त्यामुळे अंगणात उभं राहून आभाळ बघण्यापेक्षा कोयना आणि वारणा धरणांचा विसर्ग, म्हणजे किती पाणी सोडलंय, ते बघा, आणि आयर्विनची पातळी किती तासांत किती फूट वाढली ते एका कागदावर मांडत जा. माझा नियम साधा आहे : ४० फूट ही इशारा पातळी ओलांडली की म्हातारी माणसं, लहान मुलं आणि औषधं बाहेर. ४५ ची वाट बघायची नाही. कोल्हापूरकरांनी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याचे आकडे धरावेत : इशारा ३९ फूट, धोका ४३. लोक हसतात, ‘उगाच घाबरतोस’ म्हणतात. हसू देत. रस्ता कोरडा असताना रिक्षाने निघता येतं, नंतर बोट लागते. सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळ गावात ८ ऑगस्ट २०१९ रोजी गच्च भरलेली बोट उलटून माणसं गेली, हे विसरून चालणार नाही.

बाकी किरकोळ वाटणाऱ्या चुका :

गॅसची टाकी तशीच सोडून जाणं. टाकी पाण्यावर तरंगते. रेग्युलेटर काढा, टोपी बसवा आणि साखळीने खिडकीच्या गजाला बांधा.

पिण्याचं पाणी न भरणं. पूर आला की नदीकाठची पंपघरं बुडतात आणि नळ कोरडे पडतात. भोवती समुद्र आणि घशाला कोरड. माणशी रोजचे तीन-चार लिटर धरून आठवड्याचं पाणी वरच्या मजल्यावर ठेवा.

सगळे नंबर मोबाइलमध्येच ठेवणं. मोबाइल बंद पडतो. वहीत लिहा, आणि गावाबाहेरचा एक नातेवाईक ठरवून ठेवा, ज्याला प्रत्येकाने ‘मी सुखरूप आहे’ एवढं कळवायचं.

रोख पैसे न ठेवणं. २०१९ ला कोल्हापूरजवळ शिरोलीला पुणे-बंगळूर हायवेच पाण्याखाली होता. दूध, पेट्रोल यांची बोंब झाली. यूपीआयने काय करणार होतात?

ऑनलाइन ‘आपत्ती किट’ मागवून स्वतःला तयार समजणं. त्यातली शिट्टी छान वाजते. तुमच्या बीपीच्या गोळ्या त्यात नसतात.

आता माझा दुसरा लाडका राग : पाणी उतरल्यावरची घाई. घर दिसायला लागलं की लोकांच्या हाताला खाज सुटते. पहिली खाज मेन स्विचची. पाण्यात बुडालेलं वायरिंग वायरमनने तपासल्याशिवाय चालू करायचं नाही, ‘एकच दिवा लावून बघतो’ हेही नाही. दुसरी खाज गाडीची. इंजिनात पाणी असताना सेल मारलात की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा. वर साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, ते वेगळंच. गाडी ढकलत किंवा टो करून गॅरेजला न्या.

घाई एकाच बाबतीत करावी, ती म्हणजे गाळ. पण त्याच्याही आधी फोटो काढा : प्रत्येक खोलीचे, भिंतीवर पाणी कुठवर आलं ते दिसेल असे, खराब झालेल्या प्रत्येक वस्तूचे. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत तुम्ही घर चकाचक केलेलं असतं आणि दाखवायला काहीच उरत नाही. फोटो झाले की पाणी घरातून उतरत असतानाच त्याच पाण्याने गाळ झाडूने बाहेर ढकला. वाळला की फरशीला असा धरतो की फावड्यानेही निघत नाही. पायात गमबूट हवेतच. पायाला जखम असेल तर पाण्यात उतरू नका. घाण पाण्यात उतरावं लागलंच असेल तर लेप्टोच्या (घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याला नाही.

गाद्या वाळवून वापरायचा मोह मात्र सोडा. त्या वाळत नाहीत, फक्त वाळल्यासारख्या दिसतात.