नाशिकच्या मुलींसाठी एनडीए : दहावीच्या सुट्टीत काय सुरू करायचं

एनडीए म्हणजे नॅशनल डिफेन्स अकॅडमी, बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायचं प्रशिक्षण देणारी पुण्याजवळच्या खडकवासल्याची संस्था. बारावीचा निकाल लागला की मेसेज सुरू होतात, ताई एनडीए करायचंय, काय करू, आणि दोन प्रश्न विचारले की कळतं बाईसाहेबांनी अकरावीला मॅथ्स सोडलंय, वय साडेअठराच्या पुढे गेलंय आणि धावणं म्हणाल तर शाळेच्या स्पोर्ट्स डेला. म्हणून हे दहावीतल्या मुलींसाठी लिहितेय, फार तर अकरावीतल्या. मोठ्या मुलींचं शेवटी सांगते.

आधी हिशेब समजून घे. ऑगस्ट २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने मुलींना परीक्षेला बसू द्या म्हणून सांगितलं, नोव्हेंबरात मुलींनी पेपर दिला, २०२२ ला पहिली बॅच खडकवासल्याला गेली आणि ३० मे २०२५ ला त्यातल्या १७ जणी पास आउट झाल्या. पहिल्या वेळी मुलींना १९ जागा होत्या, आजही मोजक्याच आहेत. कोर्स सुरू होताना वय साडेसोळा ते साडेएकोणीसच्या मधे पाहिजे, लग्न झालेलं नको, परीक्षा यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, बारावीत असतानाही बसता येतं आणि मुलींना फी नाही. म्हणजे हातात जेमतेम चार-पाच अटेम्प्ट.

आता स्ट्रीम. आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेतून चालते, एअर फोर्स आणि नेव्हीला फिजिक्स केमिस्ट्री मॅथ्स लागतं. पण आर्ट्स चालतं म्हणून आर्ट्स घेऊन मोकळं होऊ नकोस, कारण मॅथ्सचा पेपर सगळ्यांना सारखाच, ३०० मार्कांचा, अडीच तासात १२० प्रश्न, आणि त्यात ट्रिगोनोमेट्री, कॅल्क्युलस, मॅट्रिक्स असं अकरावी-बारावीचंच सगळं. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, तुक्के मारून भागत नाही. दुसरा पेपर ६०० चा, त्यात इंग्लिश २०० आणि बाकी सायन्स, इतिहास, भूगोल, चालू घडामोडी. पेपर इंग्लिश आणि हिंदीत येतो, मराठीत नाही, तर मराठी मीडियमच्या मुलींनी दहावीच्या सुट्टीत मॅथ्स आणि सायन्सचे इंग्लिश शब्द पाठ करून टाकायचे, सुट्टीचं अर्धं काम तेवढंच. एनसीईआरटीची पुस्तकं आणि जुने पेपर एवढ्यावर लेखीची बरीच तयारी होते. कॉलेज रोडवर क्लासेसचे बोर्ड भरपूर आहेत, लाव ना लाव तुझ्यावर, पण फी भरायच्या आधी तिथल्या मागच्या बॅचमधल्या एखाद्या मुलीशी बोल, सरांशी नको.

नाशिकचा एक फायदा आहे तो अर्ध्या नाशिकला माहीत नाही. सरकारची एसपीआय म्हणजे सर्व्हिसेस प्रिपरेटरी इन्स्टिट्यूट, मुलांची संभाजीनगरला १९७७ पासून आहे, मुलींची आपल्या नाशिकमध्ये २०२३ ला सुरू झाली. दहावीनंतर लेखी आणि मुलाखत घेऊन निवडतात, मग दोन वर्षं तिथेच राहून अकरावी-बारावी आणि एनडीएची तयारी. अर्ज दहावीत असतानाच निघतो, निकालाची वाट बघत बसलीस तर तारीख गेलेली असते.

आणि आता मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते, शरीर. मुली अभ्यासात कमी पडत नाहीत, हातात कमी पडतात. धावणं दोन-तीन महिन्यांत येतं, पण बारला लटकून स्वतःला वर ओढणं, दोरीवर चढणं याला वर्ष लागतं कारण लहानपणापासून कुणी झाडावर चढू दिलेलं नसतं. गोल्फ क्लबवर नाहीतर कृषीनगरच्या ट्रॅकवर जा, पहिला महिना एक दिवस आड, चालणं आणि हळू धावणं मिसळून, मग वाढवत २.४ किलोमीटर १५ मिनिटांच्या आत आणायचं. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. हाताचं असं कर, बार पकडून नुसतं लटकायचं, खांदे कानाला चिकटू द्यायचे नाहीत, दहा सेकंद, मग वीस, मिनिटभर लटकता यायला लागलं की स्टुलावरून बारच्या वर हनुवटी नेऊन हळूहळू खाली यायचं, हे खाली येणंच हाताला ताकद देतं. पुशअप आधी भिंतीला, मग पायरीवर, मग जमिनीवर. गुडघे टेकून करायची सवय लागली की ती सुटत नाही, हे माझं मत.

पहाटे पोरगी एकटी कशी जाणार हा घरातला प्रश्न खरा आहे, त्याला उलट उत्तर देऊ नकोस, दोन मैत्रिणी गोळा कर, एकीचे बाबा मॉर्निंग वॉकला येतातच. हिमोग्लोबिन आत्ताच तपासून घे, कमी निघालं तर डॉक्टरांना दाखव, नुसतं बीट खाऊन भागेल असं धरून चालू नकोस. डोळे, दात, सपाट पाय, गुडघे एकमेकांना घासतात का हेही एकदा दाखवून ठेव. उंची साधारण १५२ सेंटिमीटर लागते, पायलट व्हायला फ्लाइंग ब्रँचला जास्त.

लेखी निघाली की एसएसबी, म्हणजे सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची निवड चाचणी, ९०० मार्क, पाच दिवस. पहिल्याच दिवशी निम्म्याहून जास्त घरी जातात. एक धूसर चित्र ३० सेकंद दाखवतात, चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग ग्रुपमध्ये बोलायचं, आणि तिथे मासळी बाजार होतो, सगळ्या एकदम ओरडतात. तू ओरडू नकोस, पण गप्पही बसू नकोस, कुणाची तरी गोष्ट पकडून त्यात एक मुद्दा घाल. पुढे ६० शब्द येतात, प्रत्येकाला १५ सेकंद, तिथे पाठ केलेली वाक्यं लगेच ओळखू येतात. तयारी म्हणून रोज आरशासमोर तीन मिनिटं इंग्लिशमध्ये बोल, विषय घरचेच घे, लासलगावचा कांदा आणि निर्यातबंदी, २०२७ चा कुंभमेळा आणि गोदावरीचं पाणी. व्याकरण चुकलं तर चुकू दे, थांबायचं नाही.

लेखी पास झालीस की नाशिकरोडच्या छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्रात एसएसबीचा कोर्स फुकट होतो, राहणं-जेवणसुद्धा. बॅचची माहिती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मिळते.

वय गेलेल्या मुलींनो, ग्रॅज्युएशननंतर सीडीएस म्हणजे यूपीएससीचीच पदवीधरांसाठीची सैन्याची परीक्षा देऊन चेन्नईच्या ओटीएला, म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकॅडमीला जाता येतं, एनसीसीचं सी सर्टिफिकेट चांगल्या ग्रेडचं असेल तर लेखी न देता सरळ एसएसबी, म्हणून कॉलेजच्या पहिल्याच वर्षी एनसीसीला नाव घाल. अभिलाषा बराक याच ओटीएतून आर्मीत गेल्या आणि मे २०२२ मध्ये इथे नाशिकच्याच गांधीनगरमधल्या आर्मी एव्हिएशन स्कूलमधून पहिल्या महिला कॉम्बॅट एव्हिएटर झाल्या. देवळालीच्या तोफांचा आवाज ऐकत आपण मोठ्या झालो, त्या आर्टिलरीतही २०२३ पासून मुली अधिकारी आहेत.

शेवटचं, एसएसबीचं बोलावणं भोपाळ किंवा प्रयागराजचं आलं तर नाशिकरोडवरून थेट गाड्या आहेत. पहिल्यांदा जात असशील तर तिकिटाचे पैसे परत मिळतात, तिकिटाची प्रिंट जपून ठेव, नुसता मोबाईलमधला मेसेज दाखवून काम होईल या भरवशावर राहू नकोस.