हेअर ट्रान्सप्लांटनंतर टोपी कशी घालावी?

ऑपरेशन करून घरी आलं की पहिला प्रश्न असतो, "टोपी कधी घालू?" चारचौघांच्या नजरा नको वाटतात, त्यात काही चूक नाही. टोपीने डोकं कोंडतं आणि मुळं मरतात, ही भीती मात्र मनातून काढून टाका. केसाच्या मुळाला ऑक्सिजन रक्तातून मिळतो. खरी काळजी घ्यायची ती घासण्याची आणि दाबाची.

सुरुवातीचे दिवस सगळ्यात नाजूक. ग्राफ्ट, म्हणजे लावलेलं केसाचं मूळ, तेव्हा टाळूतल्या बारीकशा छेदात नुसता बसलेला असतो, त्याला रक्तपुरवठा अजून नीट जोडला गेलेला नसतो. तो पक्का धरायला साधारण 9 ते 10 दिवस लागतात. काही सर्जन निघतानाच सैल टोपी देतात, काही आठवडाभर टोपी नकोच म्हणतात. तुमच्या सर्जनने दिलेली तारीख पाळा. तोवर घरात डोकं उघडंच राहू द्या.

परवानगी मिळाल्यावर टोपी निवडताना घाई करू नका. मऊ सुती कापडाची, उंच आणि सैल, बकेट हॅटसारखी टोपी उत्तम. आतून फिकट रंगाची असली तर रक्ताचा ठिपका लगेच दिसतो. विणलेली लोकरी टोपी नको, तिच्या टाक्यांत खपल्या अडकतात. नेहमीची कॅप हातात घेऊन आत बोट फिरवून बघा: माथ्यावर बटणाची टणक गाठ लागते, ती नेमकी नव्या ग्राफ्टवर टेकते. कडेखालून दोन बोटं सहज गेली पाहिजेत. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात कपाळावर सूज येते, त्यामुळे काल सैल असलेली टोपी आज आवळू शकते.

घालताना आधी हात धुवा आणि आरशासमोर उभे राहा. टोपी दोन्ही हातांनी ताणून रुंद धरा, डोक्याच्या वर न्या आणि सरळ खाली उतरवा. ग्राफ्ट पुढे असतील तर मागची कड आधी टेकवा, पुढची अलगद शेवटी. एकदा बसली की सरकवून नीट करायचा मोह आवरा. वाकडी बसली तर पूर्ण उचलून पुन्हा घाला. काढताना क्रम उलटा: पुढची कड आधी वर, मग मागची.

मागच्या भागाचा अनेकांना विसर पडतो. केस जिथून काढले तिथेही जखम असतेच. मागून कातडीची पट्टी कापून टाके घातले असतील तर ते साधारण 10 ते 14 दिवसांनी निघतात. तोवर टोपीची कड त्या रेषेवर येऊ देऊ नका.

बाहेरचं काम झालं की टोपी काढा. घाम साचला तर खाज सुटते, आणि खाजवणं टोपीपेक्षा वाईट. टोपी घालून झोपू नका. रोज धुतलेलीच वापरा, म्हणजे दोन तरी हव्यात. कपाळावर लाल वळ उठला तर ती टोपी घट्ट आहे, दुसरी घ्या.

कापड खपलीला चिकटलं तर ओढू नका! सलाईनचा (निर्जंतुक मिठाच्या पाण्याचा) फवारा मारा, भिजू द्या, आपोआप सुटेल. रक्त आलं तर स्वच्छ गॉजने हलकेच दाबून धरा आणि सर्जनला फोन करा. पू, वाढत जाणारी वेदना किंवा ताप असेल तर थांबू नका.

हेल्मेटचं गणित वेगळं. ते आवळतंही आणि काढताना घासतंही, म्हणून बरेच सर्जन तीन-चार आठवडे नको म्हणतात. हेल्मेटशिवाय गाडी चालवणं हा त्यावरचा उपाय नव्हे. तेवढे दिवस दुचाकीच बाजूला ठेवा.

दुसऱ्या आठवड्यानंतर टोपीत केस सापडू लागतील. जीव घाबराघुबरा होतो, पण लावलेले केस या काळात गळतातच. मूळ कातडीखाली शाबूत असतं आणि नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून डोकावू लागतात. पहिल्या दहा दिवसांत मात्र केसाबरोबर रक्त दिसलं, तर त्याच दिवशी सर्जनला दाखवा.