सोयाबीनच्या भावावर वाद घालायचाय? आधी एका क्विंटलचा हिशोब मांडा

दिवाळीच्या आसपास आमच्याकडं पारावर, चहाच्या टपरीवर, व्हॉट्सअपच्या ग्रुपवर एकच विषय असतो, सोयाबीनचा भाव. एकजण म्हणतो सरकारनं मारलं, दुसरा म्हणतो व्यापारी लुटतात, तिसरा नोकरीवाला पाहुणा म्हणतो शेतकऱ्याला कितीबी द्या कमीच पडतं, आणि मग दीड तास आवाज चढतो आणि उठताना कुणाच्याच हाताला काही लागलेलं नसतं. मला ह्याचा खरंच त्रास होतो, कारण विषय पोटाचा आहे आणि आपली बाजू बरोबर असूनही आपण ती नीट मांडत नाही. म्हणून मी जसं करतो तसं सांगतो, वही पेन आणि एक क्विंटल सोयाबीन, एवढ्यावर सगळं होतं.

पहिल्यांदा समोरच्याला विचारा, भाव म्हणजे कुठला भाव? निम्मी भांडणं इथंच मिटतात. एक असतो हमीभाव, जो केंद्राचा कृषिमूल्य आयोग शिफारस करतो आणि केंद्र सरकार जाहीर करतं, सोयाबीनला 2023-24 ला क्विंटलला 4600 रुपये होता, 2024-25 ला 4892, आणि 2025-26 ला 5328. दुसरा असतो मोंढ्यात, म्हणजे बाजार समितीत, सौद्यात निघालेला भाव. आणि तिसरा, जो कुणीच बोलत नाही, तो म्हणजे हमाली, तोलाई, चाळणी, कडता (वजनातली कपात) जाऊन पट्टीवर, म्हणजे अडत्याच्या हिशोबाच्या चिठ्ठीवर, राहिलेला आणि त्यातून ट्रॅक्टरचं भाडं वजा केल्यावर हातात पडलेला. वाद घालताना एकजण पहिल्याबद्दल बोलत असतो आणि दुसरा तिसऱ्याबद्दल, मग जुळणार कसं. जुन्या पट्ट्या फेकू नका, एका फाईलीत लावून ठेवा, दहा भाषणापेक्षा एक पट्टी भारी पडते.

हितंच अजून एक गोष्ट पक्की करून घ्या. हमीभाव म्हणजे कायद्यानं मिळणारच असा भाव नाही. उसाचं वेगळं आहे, तिथं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश आहे, त्यामुळं एफआरपी, म्हणजे उसाचा ठरवून दिलेला किमान दर, द्यावीच लागते आणि 14 दिवसात द्यावी लागते, नाही दिली तर कारखान्यावर कारवाई होऊ शकते. सोयाबीनला असं काही नाही, सरकारनं खरेदी केंद्र उघडलं आणि तुमचा माल त्यात बसला तरच तो भाव, नाहीतर तो कागदावर. शांताकुमार समितीनं 2015 ला सांगितलं होतं की देशात फक्त 6 टक्के शेतकरी हमीभावानं सरकारी यंत्रणेला माल विकतात. त्यामुळं "हमीभाव वाढवलाय ना, मग आता काय" असं कुणी म्हटलं की शांतपणे विचारायचं, किती जणांचा माल त्या भावानं गेला?

"माल बसला तर" हे मी 2024 ला जवळून बघितलं. नोव्हेंबरच्या सुरवातीला खरेदी केंद्रावर माल नेला, पोत्यात सुया घालून नमुना काढला, मीटरवर ओलावा 13.8 आला आणि मर्यादा 12 ची, माल परत. घरी आणून दोन दिवस ताडपत्रीवर पसरला, दुपारी दोनदा उलथला, रात्री दव पडतं म्हणून झाकला, आणि परत नेला तेव्हा 11.9 आला. क्विंटलमागं सव्वादोन किलोच्या आसपास वजन उडालं आणि ट्रॅक्टरचं भाडं दोनदा बसलं. तरी हिशोब केला तर परवडलं, कारण पावणेअठ्ठ्याण्णव किलोचे 4892 च्या भावानं पावणेपाच हजाराच्या वर होतात आणि मोंढ्यात त्याच क्विंटलला 4100 चालले होते. पण हे मला जमलं कारण माझ्याकडं वाळवायला अंगण होतं आणि पैशाला दम धरायची थोडी ताकद होती. ज्याला हरभरा पेरायला बियाणं आणायचंय तो पहिल्याच दिवशी मोंढ्याची वाट धरतो. 15 टक्क्यापर्यंतच्या ओलाव्याची सवलत नोव्हेंबरच्या मध्याला आली, तोवर गरजू माणसाचा बराच माल गेलेला होता. धोरण बरोबर असून उशिरा आलं की काय होतं ते ह्यात दिसतं, वादात हा मुद्दा तारखेसकट मांडा.

आता खर्च. इथं सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण शेतकरी इथंच अडकतो, "परवडत नाही" म्हणतो आणि किती ते सांगता येत नाही. माझ्या वहीतलं एका एकराचं सांगतो. नांगरट रोटा 2800, बियाणं 2600, पेरणी 1000, डीएपीची एक बॅग 1350, तणनाशक 1100, दोन फवारण्या औषधासकट 2400, कोळपणी 800, काढणी गुत्त्यानं 4500, मळणी क्विंटलला 300 प्रमाणं सहा क्विंटलचे 1800, वाहतूक 650. झाले 19000. सहा क्विंटल माल झाला म्हणजे क्विंटलला 3167 खिशातून गेले. मग घरच्या माणसांची मजुरी धरा, आमचे दोघांचे मिळून बारा दिवस, 400 नं 4800, तर क्विंटलला 3967. आणि रान ठोक्यानं (ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला) दिलं असतं तर वर्षाचे 12000 आले असते, त्यातले खरिपाच्या वाट्याचे निम्मे 6000 धरले की 4967.

हे तीन आकडे म्हणजेच दिल्लीत ज्यावर इतकी वर्षं वाद चाललाय तो वाद. खिशातून गेलेल्याला ए-टू म्हणतात, घरची मजुरी धरली की ए-टू अधिक एफएल, आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. सरकार 2018-19 च्या बजेटपासून दीडपट म्हणतं ते मधल्या आकड्याच्या दीडपट. 2024-25 ला आयोगानं सोयाबीनचा तो खर्च 3261 धरला आणि दीडपट करून 4892 दिला. शेतकरी संघटनांची मागणी सी-टू च्या दीडपटीची आहे, स्वामीनाथन आयोगाचं नाव घेऊन. सरकार खोटं बोलतंय असं नाही आणि संघटनाही खोटं बोलत नाही, दोघं वेगवेगळ्या ओळीवर बोट ठेवतायत, ही ओळ कुठली ते आपण ओळखलं पाहिजे.

अजून एक बघा. माझा मधला आकडा 3967 आणि आयोगाचा 3261, हा फरक का? कारण त्यांचा सगळ्या राज्यांचा सरासरी आहे आणि माझं रान हलकं. माझ्या मेव्हण्याचं काळं भारी रान, त्याला एकरी आठ क्विंटल पडतं, मळणीचे 600 जास्त गेले तरी त्याचा खिशातला खर्च 2450 येतो, घरच्या मजुरीसकट 3050. दोघांनी 4100 नं विकलं तर त्याला क्विंटलमागं हजार रुपये राहतात आणि मला 133. म्हणून पारावर एकजण "परवडतं की" म्हणतो तो खोटारडा नसतो, त्याचा उतारा, म्हणजे एकरी किती पिकलं ते विचारा. आणि 2025 च्या सप्टेंबरात अतिवृष्टीनं मराठवाड्यात जे झालं, ज्यांच्या रानात एकरी दोन क्विंटलच हाती लागलं आणि तेही डागी, तिथं हमीभाव कितीही असू द्या, प्रश्न भावाचा राहतच नाही, तो नुकसानभरपाईचा आणि विम्याचा होतो. हे दोन विषय एकात घालू नका, समोरचा त्यातच तुम्हाला फिरवतो.

मग भाव का पडतो, ह्यावर या. इथं एक क्विंटल मनातल्या मनात फोडायचा. त्यातून साधारण 18 किलो तेल निघतं आणि 80 किलोच्या आसपास पेंड, म्हणजे तेल काढून उरलेला चोथा, जो कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जातो. समजा तेल 120 रुपये किलो, म्हणजे 2160, आणि पेंड 30 रुपये, म्हणजे 2400. पेंडीचा भाव किलोला 5 रुपयांनी पडला तर 400 गेले, आणि ते भरून काढायला तेल 22 रुपयांनी महाग व्हावं लागतं. आपण तेलाचं पीक म्हणतो पण पेंडीनंच भाव हलतो. हे एकदा कळलं की मागच्या घडामोडी लगेच लागतात. 2021 च्या ऑगस्टला काही ठिकाणी सोयाबीन 10 हजाराला टेकलं होतं, कोंबडीखाद्यवाले ओरडले, केंद्रानं 12 लाख टन जीएम (जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची) पेंड आयात करायला परवानगी दिली आणि नवा माल यायच्या टायमाला भाव खाली आला. डिसेंबरात बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सोयाबीनचे वायदेही (पुढच्या तारखेचे सौदे) बंद केले. उलट 2024 च्या सप्टेंबरात सरकारनं कच्च्या खाद्यतेलावरचा आयात कर साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्क्यावर नेला, आपल्याला वाटलं आता भाव फुटणार, तेल महागलं पण सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिलं, कारण पेंडीला मागणी नव्हती आणि इथेनॉलच्या कारखान्यातून निघणारा मक्या तांदळाचा चोथा, डीडीजीएस, स्वस्तात खाद्यात जात होता. 2025 च्या मे अखेरीस तो कर साडेसोळावर आणला. म्हणून "आयात कर वाढवा" एवढीच मागणी करून थांबू नका, पेंडीच्या निर्यातीचं काय ते विचारा.

आणि दुसऱ्या बाजूचं पण ऐकायचं, हे मी मनापासून सांगतोय. आमच्याकडं काढणीला येणाऱ्या एका मावशीनं मला सरळ विचारलं, भाऊ तुमचा भाव वाढावा म्हणून माझं तेल महाग झालं, मग माझी हजेरी कधी वाढणार? तिच्याकडं रान नाही. आपला देश निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो, त्यामुळं कर वाढला की तिच्या पिशवीवर लगेच येतो आणि आपल्या पोत्यावर उशिरा, किंवा येतच नाही. धोरणावर बोलताना पैसा कुणाच्या खिशातून निघतो ते सांगता आलं नाही तर आपली मागणी अर्धी राहते.

मग उपाय मांडताना प्रत्येकाला एकच प्रश्न लावा, पैसा कोण देणार आणि अडणार कुठं. सरकारी खरेदी असेल तर गोदाम, बारदाना, आणि केंद्राच्या योजनेत साधारण उत्पादनाच्या 25 टक्क्याची मर्यादा. भावांतर, म्हणजे हमीभाव आणि बाजारभावातला फरक सरकारनं देणं, असेल तर मध्य प्रदेशनं 2017 ला केलं तेव्हा व्यापाऱ्यांनी भाव पाडून फरक सरकारच्या अंगावर टाकला असा आरोप झाला, 2025 ला सोयाबीनसाठी परत आणलं, तिथले लोक ओळखीचे असतील तर विचारून बघा. महाराष्ट्रानं 2023 च्या खरिपातल्या कापूस सोयाबीनला दोन हेक्टरपर्यंत हेक्टरी 5000 दिले, त्यात माल किती झाला हा प्रश्न नाही, पण ठोक्यानं करणाऱ्याचं नाव सातबाऱ्यावर नसलं तर त्याचं काय? मला स्वतःला खरेदी लवकर आणि गावाजवळ सुरू होणं सगळ्यात उपयोगाचं वाटतं, भावात 200 वाढण्यापेक्षाही. तुम्हाला वेगळं वाटेल, पण आकडा घेऊन सांगा.

हे सगळं पारावर बोलून झालं की ग्रामसभेत न्या. पाच सहा घरांच्या वह्या एकत्र करा, हलकं रान, भारी रान, ठोक्यानं करणारा एखादा, आणि एकरी खर्च, उतारा, विकल्याची तारीख, हातात पडलेला भाव असा एका पानाचा तक्ता करा. 15 ऑगस्टची ग्रामसभा त्याला बरोबर पडते, कारण काढणीला दीड दोन महिने असतात, आणि ठराव असा मोघम घालू नका की "सोयाबीनला योग्य भाव मिळावा". लिहा की नोंदणी अमुक तारखेच्या आत सुरू करा, केंद्र इतक्या किलोमीटरच्या आत द्या, ओलाव्याची सवलत द्यायची असेल तर खरेदीच्या पहिल्या दिवसापासून द्या, आणि माल परत केला तर मीटरचा आकडा लिहून सही करून चिठ्ठी द्या. ठरावाची नक्कल ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून (पूर्वीचा ग्रामसेवक) मागून घ्या, तक्ता तिला जोडा, तहसीलला आणि जिल्हा पणन कार्यालयात द्या आणि पोच घ्या. पुढच्या ग्रामसभेला, 2 ऑक्टोबरला, त्या पोचेवरून विचारायचं की काय झालं, तोवर नव्या हंगामाची वही अर्धी भरलेली असते.