नदीच्या माशांचे पेले: छपाईला देण्यापूर्वीची तयारी

भीमेच्या खोऱ्यातील माशांची शास्त्रीय चित्रे असलेला सहा काचेच्या पेल्यांचा संच करून घ्यायचा असेल, तर काच पाहण्याआधी मासे ठरवावेत. बाजारात रोज दिसतो म्हणून तिलापिया घेऊ नये, तो मूळचा आफ्रिकेतला आहे; रोहू आणि कटला भारतीय असले तरी दख्खनच्या नद्यांत ते मत्स्यपालनासाठी आणून सोडलेले आहेत. महसीर, नुक्ता, शिंगाळा, शिवडा, मरळ आणि वाम हे सहा मात्र खुशाल घ्यावेत.

यांपैकी पहिल्या तिघांची शास्त्रीय नावे कर्नल साइक्स या ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासकाने १८३९ मध्ये दिली आणि खुद्री, नुक्ता, सिंघाला ही इथल्या लोकांच्या तोंडची नावेच त्यांत कायम ठेवली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. म्हणून पेल्यावर मराठी नाव ठळक असावे आणि त्याखाली शास्त्रीय नाव तिरप्या अक्षरांत यावे. पुण्याजवळच्या मुळा-मुठेतून वर्णिलेला महसीर आज ‘टोर’ या प्रजातीत (म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, इंग्रजीत जीनस) गणला जातो. मूळ प्रजाती बदललेली असल्यामुळे नाव देणारा आणि वर्ष सांगणारे ‘साइक्स, १८३९’ हे शब्द कंसात छापणे आवश्यक आहे, तो कंस गाळू नये.

साइक्स आणि भारतातील माशांचे अभ्यासक फ्रान्सिस डे यांच्या एकोणिसाव्या शतकातील चित्रांवर आता स्वामित्वहक्क उरलेला नाही. आजच्या चित्रकाराचे चित्र घेतल्यास लेखी परवानगी आणि मानधन दोन्ही आधी द्यावे. चित्र सुटसुटीत करण्यासाठी खवले कमी करण्याचा सल्ला मिळाला तरी तो मानू नये, कारण पार्श्वरेषेवरील (माशाच्या कुशीवरून शेपटीकडे जाणाऱ्या रेषेवरील) खवल्यांची आणि परांतील काट्यांची संख्या ही जात ओळखण्याची खूण असते. चित्र लहान केल्यावर रेषा एकमेकींत मिसळत असतील, तर मोठा पेला निवडावा. माशाचे तोंड डावीकडे असण्याचा प्रघात आहे, तेव्हा मांडणीच्या सोयीसाठी चित्र उलटवू नये. पारदर्शक काचेच्या मागच्या बाजूने मासा आरशातल्यासारखा उलटा दिसेल, तेवढे चालेल.

पेला सरळ भिंतीचा घ्यावा, कारण निमुळत्या पेल्यावर चित्राची सरळ पट्टी वाकडी बसते. साडेसात सेंटिमीटर व्यासाच्या पेल्याचा घेर सुमारे साडेतेवीस सेंटिमीटर भरतो आणि त्याचा निम्म्याहून कमी भाग एका वेळी नीट दिसतो, म्हणून मासा नऊ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावा. लांबट वाम तेवढी घेराभोवती फिरवता येईल.

ओठ लागतो तो काठापासूनचा वरचा दोन सेंटिमीटरचा पट्टा कोरा सोडावा, रंगांत शिसे व कॅडमियम नसल्याची लेखी हमी घ्यावी आणि रंग भट्टीत पक्के केले जाणार आहेत का, हे विचारून घ्यावे. रंगांखाली पांढरा थर हवा, नाहीतर सरबत ओतताच खवले दिसेनासे होतात.

शेवटी, संपूर्ण संच छापण्याआधी प्रत्येक माशाचा एक नमुना पेला करून घ्यावा आणि तो नाव झाकून भीमेकाठच्या एखाद्या जाणत्या भोई मच्छीमाराला दाखवावा. त्याने मासा ओळखला, तरच उरलेले पेले छापायला सांगावे.